तोंडाएवढी कोरी जागा

बुऱ्हाणपूरच्या माणसांना मेल्यावर गोरं व्हायचं असतं, असं योगेंद्रचं ठाम मत होतं. जन्मभर केळीच्या बागेत राबून रापलेला माणूस एकदाचा गेला, की दहाव्याच्या आत त्याचा पोरगा मोबाईलमध्ये फोटो घेऊन राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या ‘निशा डिजिटल’मध्ये हजर. भैया, तोंड थोडं उजळ करा. मागे तापीमाई दाखवा. हा बनियन काढून कोट घाला. पी हळद अन् हो गोरी, तीही सरणावर चढल्यावर! योगेंद्र मान डोलवायचा, टॅबलेटवर ठरलेला कोट चढवायचा, ठरलेली तापी सोडायचा आणि मनात म्हणायचा, गाढवाला गुळाची चव काय.

आता हा गूळ म्हणजे कोण, तर योगेंद्र स्वतः. आजोबा जळगावकडून कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आलेले, त्यामुळे तो मिलच्या कॉलनीत वाढला आणि घरात मराठी बोलायची ती पुस्तकातली. इंदूरला चित्रकला शिकला. मग पुण्यात राहिला, तिथे पोट भरेना म्हणून परत आला, पण सांगताना ‘तिकडचं वातावरण मानवलं नाही’ असं नाकाने कांदे सोलत सांगायचा. निशा हे बायकोचं नाव. दुकानाची जागा सासऱ्याची, म्हणून पाटीवर नाव तिचं, आणि तेही त्याला रोज कुलूप उघडताना सलायचं.

काम मात्र त्याने आपल्या सोयीचं करून घेतलं होतं. उजेड कायम बसलेल्याच्या डाव्या अंगाने, वरून. सगळे मेलेले एकाच दिशेला तोंड करून बसलेले. छातीच्या खाली त्याने कधी कोणाला काढलं नाही. छातीशी आलं की रंग पाण्यात विरघळवून सोडून द्यायचा. दिसायला झकास, आणि हातपाय काढायची कटकट नाही. फोटोत हनुवटी नीट नसेल तर दुसऱ्याची आणून चिकटवायची. चार बोटांची हनुवटी, तिला काय ओळखपरेड लागते, असं तो म्हणायचा. आजवर कोणी तक्रार केली नव्हती, आणि त्याबद्दलही त्याला लोकांची कीवच यायची.

तर अशा या कलावंताला चैत्रात नवे ब्रश मिळाले. खरे नव्हेत, टॅबलेटवरचे. परदेशातल्या कोणीतरी जलरंगांचे नवे डिजिटल ब्रश बनवले होते आणि बाजारात आणण्याआधी तपासायला वाटले होते. वाटले असतील शेकडो जणांना, पण योगेंद्रला वाटलं, साहेबांनी आपल्यालाच हुडकून काढलं. यावर चार चित्रं करू, तिकडे दाखवू, आणि या केळीवाल्यांना कायमचा रामराम ठोकू.

ब्रश होतेही भन्नाट. पूर्वीचे जलरंगाचे ब्रश म्हणजे नुसता देखावा. पाण्याचा आव, पण हलायचं नाव नाही. हे खरंच वाहायचे. निळा सोडला की आधी थबकायचा, मग पडद्यावरच्या कागदाच्या दाण्यांतून वाट काढत खाली उतरायचा, कडेला जाऊन गडद व्हायचा आणि मध्ये फिका पडायचा. त्याने डांगर, म्हणजे खरबूज, रंगवलं, काचेचा पेला रंगवला, राजघाटाच्या पायऱ्या रंगवल्या. पायऱ्यांवरचं पाणी तर हात धुऊन घ्यावेत इतकं खरं. बाहेर डांबर वितळत होतं, दुकानातला कूलर गरम हवा फेकत होता, आणि टॅबलेटची काच मात्र बोटाला गार लागायची. कधी कधी ओल्या लगद्याचा वास यायचा, लहानपणी मिलच्या भिंतीबाहेर यायचा तसा. योगेंद्रने ते मनावर घेतलं नाही. उन्हाळ्यात माणसाला काहीही वास येतात.

आखाजी जवळ आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, इकडचा मोठा सण. घरातल्या गेलेल्यांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरायची, वर डांगर नाहीतर आंबा ठेवायचा आणि हात जोडायचे. भर उन्हाळ्यात पितरांची तहान भागते, अशी समजूत. जित्या माणसाच्या नावाने घागर कोणी भरत नाही. तसं करणं म्हणजे त्याला आपल्या हाताने पलीकडे ढकलणं. सणाला तसबीर हवी म्हणून दुकानात गर्दी, आणि योगेंद्रला तर ब्रश तपासायचे. त्याने दोन्ही एकत्र केलं. मेलेल्यांवरच हात साफ करू, ते थोडेच बोलणार आहेत.

रितेश आला तो याच गर्दीत. तुकईथडचा, खकनारकडचा शेतकरी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत चिखल वाळलेले बूट. त्याने मोबाईलवर धाकट्या भावाचा, संदीपचा, फोटो दाखवला. कोणाच्या तरी लग्नात काढलेला. डोक्यावर फेटा, अर्ध्या तोंडावर पुढच्या माणसाच्या हाताची सावली, हनुवटी कापलेली. उजव्या भुवईवर तेवढी कोयत्याची जुनी खूण स्पष्ट दिसत होती. योगेंद्रने विचारलं, कधी गेला? रितेश जरा घुटमळला. मग म्हणाला, गेला म्हणजे, केळीच्या ट्रकवर दिल्लीकडे गेला तो आलाच नाही. घरात भांडण झालं होतं, रागात निघाला. दोन वर्षं झाली. फोन बंद.

“मग तो मेलेला कुठे आहे?” योगेंद्रने विचारलं.

“भैया, पोरीवाले विचारतात ना, भाऊ है कि नहीं है? काय सांगायचं? माझं लग्न अडून बसलं. आता या आखाजीला त्याची घागर भरून टाकतो. मामला खतम. आई नाही म्हणते, पण आईचं कुठवर ऐकायचं?”

योगेंद्रला या सगळ्याचा वीट आला. माणूस जिवंत की मेलेला, हे आता लग्नाचा बस्ता पाहून ठरवणार हे लोक! पण काम ते काम. त्याने सणाच्या आदल्या दिवशी यायला सांगितलं.

पार्श्वभूमी झाली, फेटा झाला, कोट झाला. रंग लोण्यासारखा बसत गेला. मग त्याने चेहऱ्यावर पहिला पातळ तपकिरी हात दिला, आणि रंग निघून गेला. पुसला गेला नाही, वाहून गेला. कपाळावर सोडलेला रंग हळूहळू कडेकडे सरकला, फेट्याच्या काठाशी, कानांच्या रेषेशी, कॉलरशी गडद होऊन थांबला, आणि मध्ये तोंडाएवढी जागा पांढरीशुभ्र राहिली. त्याने पुन्हा हात दिला. पुन्हा तेच. घट्ट रंग घेतला, तोही ओघळून कडेला जाऊन बसला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण योगेंद्रने दुसऱ्यांना हजारदा ऐकवली होती, पण आज त्याला अंगणच वाकडं दिसलं. ब्रशात खोट आहे. त्याने ॲप नव्याने टाकलं, सगळ्या सेटिंग बदलून पाहिल्या, तिकडच्या साहेबांना लिहिलं. उत्तर आलं की आमच्याकडे असं होत नाही. मग त्याने त्याच चित्रात बाजूला एका देडतलाईच्या म्हाताऱ्याचं तोंड काढलं, गेल्या महिन्यात वारलेल्या. चटकन बसलं. संदीपचं काढलं, वाहून गेलं. फोटो न बघता नुसतं अंदाजाने काढलं, तरी वाहून गेलं.

योगेंद्र मूर्ख नव्हता, गर्विष्ठ होता; दोन्हींत फरक आहे. त्याने पद्धतशीर तपासायचं ठरवलं. स्वतःचा फोटो घेतला. रंग कडेला जाऊन बसला आणि शर्टाच्या वर पांढरी पोकळी राहिली. समोरच्या पानवाल्याचा घेतला, तसंच. निशाचा घेतला, तसंच. आजोबांचा घेतला, पहिल्याच हाताला रंग मुरला आणि आजोबा त्याच्याकडे पाहू लागले. त्याने टॅबलेट पालथा घातला आणि समोर जाऊन पान खाल्लं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुढे तपासायला आणखी कोणाचे फोटो घ्यावेत, असं मात्र त्याला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी संदीपची आई आली. रंभाबाई. तुकईथडहून बसने आलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर, टाचा भेगाळलेल्या, घामाने थबथबलेली. पाणी प्यायली आणि म्हणाली, फोटो करू नका. माझा पोरगा मेला नाही. योगेंद्रला हे असं डोळ्यांत पाणी आणून दुकानात उभं राहणाऱ्या बायांचं फार वावडं. तिला लवकर कटवावं म्हणून त्याने टॅबलेट तिच्यापुढे धरला. बघा, म्हणाला, तोंड तर अजून झालंच नाही, रंगच बसत नाही, उगाच कशाला रडता?

रंभाबाईने बराच वेळ पाहिलं. मग पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. बोट उचललं तेव्हा ते ओलं होतं. तिने ते कपाळाला लावलं.

“जागा ठेवली हाये त्याची,” ती म्हणाली. “जिता हाये माहा पोरगा. येऊ राहिला तो.”

बाई, ही सॉफ्टवेअरची गडबड आहे, असं योगेंद्रने तिला दोनदा समजावलं. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं आणि हसतमुखाने बस धरायला गेली. त्यानंतर ती रोज येऊ लागली. बाकावर बसायची, पाणी प्यायची आणि एकच विचारायची, बसला का रंग? तो म्हणायचा, नाही. मग उठून जायची. येताना कधी पिकलेली केळी आणायची, ती ठेवून जायची. योगेंद्रचा जळफळाट व्हायचा. परदेशी ब्रश, इंदूरचं शिक्षण, एवढा महागाचा टॅबलेट, आणि या अडाणी बाईने त्याचा देवाचा कौल करून टाकला! गिऱ्हाइकं विचारायला लागली, त्या म्हातारीला काय सांगता हो तुम्ही, आम्हालाही बघून सांगा. ज्योतिषीच करून टाकलं त्याला.

सणाच्या आदल्या दिवशी रितेश आला. पांढरं तोंड पाहून त्याचा पारा चढला. एवढे दिवस काय केलं, आईने काही शिकवलं का तुम्हाला? आणि मग तो जे बोलला ते योगेंद्रच्या वर्मी लागलं. म्हणाला, येत नसेल तर तसं सांगा, दुसरीकडून करून घेतो.

येत नसेल तर! योगेंद्रने नवे ब्रश बंद केले आणि जुना जाड रंगाचा ब्रश काढला, पाण्याशी काही संबंध नसलेला, भिंतीला चुना फासावा तसा झाकत जाणारा. रितेशला म्हणाला, बसा तिथे. फोटो उलटा केला, कारण त्याचे सगळे मेलेले ठरलेल्या एकाच दिशेला बघत. भुवईवरची खूण त्यामुळे दुसऱ्या बाजूला गेली, जाऊ दे. हनुवटी देडतलाईच्या म्हाताऱ्याची घेतली. डोळे ठरलेले. उजेड डावीकडून, वरून. छातीखाली नेहमीप्रमाणे सगळं विरघळवून दिलं. रंग लावताना एकदा त्याला ब्रश उचलावासा वाटला, हेही खरं. त्याला पक्कं ठाऊक होतं की या पोराच्या तोंडावर रंग का बसत नाही. पण बाकावर बसून रितेश पाय हलवत होता, आणि योगेंद्रला अडाण्यांपुढे हरणं जमत नसे.

पांढरी जागा भरली. काच एकदम गरम झाली, साध्या टॅबलेटसारखी.

आखाजीच्या दिवशी दुकान बंद होतं. योगेंद्रच्या घरीही आजोबांची घागर भरली. निशाने डांगर कमी पिकलेलं आणलं म्हणून तो तिच्यावर खेकसला, पुरणपोळ्या खाऊन झोपला. रंभाबाई दोन-तीन दिवस फिरकली नाही. सुटलो, असं त्याने म्हटलं, पण बाकाकडे त्याची नजर जायची.

मग ती आली. बाकावर बसली नाही, पाणी मागितलं नाही, दारात उभी राहिली.

“आला,” ती म्हणाली.

योगेंद्रला आधी कळेना. मग तिने सांगितलं. रितेशने तिच्या मनाविरुद्ध तसबीर लावली, घागर भरली, नैवेद्य दाखवला. सगळे जेवायला बसले होते. कोणीतरी पाणी आणायला बाहेर गेलं, तर संदीप अंगणात बसलेला. रितेश गळ्यात पडून रडला. गाव लोटलं. पेढे वाटले.

“मग झालं तर!” योगेंद्र म्हणाला. “पेढे कुठे आहेत आमचे?”

“तो माहा नाही,” रंभाबाई म्हणाली. “ते तोंड पुसून टाका तुमी. पाया पडते.”

तिने पायांकडे हात नेले तसा तो मागे सरला. बाईचं डोकं फिरलंय, दुसरं काय? दोन वर्षं पोराची वाट पाहिली, तो आला आणि आता ओळख पटेना. गेला तेव्हा कोवळा होता, आता थोराड झाला असेल. पण तिला वाटेला लावल्यावर त्याच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. ‘कलावंताने चित्र काढलं आणि हरवलेला मुलगा घरी आला.’ असा व्हिडिओ टाकला तर! दुसऱ्या दिवशी सकाळी नवा शर्ट घालून त्याने मोटारसायकल तुकईथडच्या रस्त्याला लावली.

घर रस्त्याला लागूनच होतं, सिमेंटचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. रंभाबाई अंगणात नव्हती. ती रस्त्यापलीकडे, बस थांबते तिथे, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने योगेंद्रला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. रितेश मात्र धावत आला. आइये भैया, तुमच्या हाताला यश आहे, लग्नाचंही जमलं.

संदीप भिंतीला पाठ लावून बाजेवर बसला होता. एवढ्या उन्हात त्याने कमरेपासून खाली गोधडी घेतली होती. शेजारी ती आखाजीची घागर. रितेश हसत म्हणाला, काही खात नाही, नुसतं पाणी पितो, तेही याच घागरीतलं. दिवसातून कितीदा भरावी लागते. आणि भिंत सोडत नाही. थकला आहे, दूरवरून आला ना.

योगेंद्रने मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

ओळखायला काही लागलंच नाही. हनुवटी देडतलाईच्या म्हाताऱ्याची होती. खूण डाव्या भुवईवर होती. एखाद्याला वाटेल, योगेंद्रला घाम तिथेच फुटला असेल. पण तसं झालं नाही. आपण इतकं बेमालूम काढलं याचा त्याला क्षणभर अभिमानच वाटला. असा माणूस!

मग त्याचं लक्ष उजेडाकडे गेलं.

सकाळचं ऊन अंगणात संदीपच्या उजव्या हाताने येत होतं. घागरीची सावली डावीकडे पडली होती. बाजेची पडली होती. संदीपच्या तोंडाचा उजवा गाल मात्र काळवंडलेला होता आणि डावा लख्ख उजळलेला.

“जरा इकडे बघ,” योगेंद्र म्हणाला. त्याने उन्हाकडे बोट केलं.

संदीपने उन्हाकडे मान वळवली. ऊन थेट तोंडावर पडलं. सावली उजव्या गालावरून हलली नाही.

आजूबाजूला सगळे बोलत होते, हसत होते. कोणालाही ते दिसत नव्हतं. दिसणार कसं? ती सावली घालायची सवय योगेंद्रची होती.

“तुमीच ना फोटोवाले?” संदीपने हळूच विचारलं. त्याने गोधडीवर हात ठेवला. ती सपाट दबली, खाली बाजेच्या दोरीपर्यंत. “खाली काईच नाही काढलं तुमी, भाऊ. नुसतं पाणी सोडून देलं.”

योगेंद्र चहा न घेता निघाला. बस थांब्याशी त्याने गाडी थांबवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. रंभाबाई रस्त्याच्या दूरच्या टोकाकडे पाहत होती.

“माहा अजून वाटेतच हाये,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तो आला तर त्याले कुठी बसवू? जागा तं तुमी देऊन टाकली.”

बुऱ्हाणपूरपर्यंत तो गाडी कशी चालवत आला, ते त्याला आठवलं नाही.

दुकानात येताच त्याने टॅबलेट उघडला. तोंडाचा थर पुसला. तोंड तसंच राहिलं. पूर्ण फाईल काढून टाकली. ती यादीतून गेली आणि चित्र पडद्यावर राहिलं. त्याने ते नवे ब्रश घेतले, शुद्ध पाण्याचा, रंग उचलून घेणारा ब्रश घेतला आणि संदीपच्या गालावर घासला. पुन्हा पुन्हा घासला. पाणी त्या जाड रंगावरून अळूच्या पानावरून घसरावं तसं घसरलं आणि चित्राच्या खालच्या बाजूला साचत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादं काम मनापासून करत होता.

फोन वाजला. अनोळखी नंबर होता. त्याने घासत घासतच उचलला.

“भाऊ, तुमीच निशा डिजिटल का? श्रद्धांजलीच्या फोटोखाली नंबर हाये तुमचा. आखाजीच्या सकाळी गावच्या एका पोराच्या स्टेटसवर पाहिला, लिहून ठेवला.”

योगेंद्रचा हात थांबला.

“मी संदीप बोलतो. तुकईथडचा. मी जिता हाये, भाऊ. रागात निघालो होतो, इकडे पंजाबात कामाला हाये.”

मागून गाड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी पंजाबीत ओरडत होतं.

“फोटो पाहून भेव वाटलं. म्हटलं आई रडत असन. तिचा नंबर पाठ होता, लावला. तं तिकून म्हणे, संदीप बोलतो. मी म्हटलं, कोण संदीप? तं हसला. आवाज माहाच होता, भाऊ.”

“तू निघ,” योगेंद्र म्हणाला. “आत्ताच निघ. आई बस थांब्यापाशी उभी आहे.” त्याला दम लागला होता. “थांब. आधी मला व्हिडिओ कॉल कर. मला तुझं तोंड बघू दे.”



“हा दुसऱ्याचा मोबाईल हाये, अन् साधा हाये,” तो म्हणाला. “माहा मोबाईल तोंड दाखवलं की उघडायचा. आखाजीपासून दाखवू राहिलो, भाऊ. समोर कोणीच नाही, म्हणते.”